घटक ५ : साने गुरुजी – जात्यावरची ओवी आणि पंढरीचे महाद्वार

५.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील :

• पांडुरंग सदाशिव साने ऊर्फ साने गुरुजी यांच्या जीवनातील प्रमुख टप्पे सांगता येतील.
• लोकगीतांचे संग्राहक म्हणून त्यांचे कार्य स्पष्ट करता येईल.
• पंढरपूर मंदिरप्रवेशाचा लढा आणि ओवी-अभंगांची परंपरा यांतील नाते उलगडून दाखवता येईल.
• शांततामय प्रतिकाराचे साधन म्हणून लोकगीताचे सामर्थ्य आणि त्याच्या मर्यादा यांची चर्चा करता येईल.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण लोकगीतांचे स्वरूप आणि प्रकार यांचा परिचय करून घेतला. लोकगीत हे श्रमाचा शीण हलका करते, सणावाराला शोभा आणते आणि मनातील सल बोलून दाखवते, हे आपण पाहिले. या घटकात एका पुढच्या प्रश्नाकडे वळावयाचे आहे. जे गाणे मनाला शांतवते, तेच गाणे अन्यायाला जाब विचारू शकते काय? आणि विचारलेच, तर त्या गाण्याने प्रत्यक्षात काही बदलते काय?

या प्रश्नाचे उत्तर केवळ तात्त्विक चर्चेतून शोधण्यापेक्षा एका चरित्राच्या आधारे शोधणे अधिक उपयुक्त ठरेल. त्यासाठी आपण साने गुरुजींची निवड केली आहे. 'श्यामची आई'चे लेखक म्हणून ते तुम्हाला परिचित आहेत. मात्र स्त्रियांच्या ओव्यांचा संग्रह करणारे अभ्यासक आणि १९४७ साली पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराचे दार अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजासाठी उघडावे म्हणून प्राण पणाला लावणारे सत्याग्रही, ही त्यांची दोन रूपे सहसा वेगवेगळी सांगितली जातात. ती एकत्र ठेवून वाचली असता एका सूत्राचा बोध होतो : ओव्या गाणाऱ्या स्त्रियांनी विठ्ठलाशी जे नाते शतकानुशतके गाण्यात जोडले होते, ते व्यवहारात खरे करून दाखवावे, अशी मागणी पंढरपूरच्या उपोषणाने केली.

५.२ विषय-विवेचन

५.२.१ जडणघडण : पालगड ते अमळनेर

साने गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील पालगड या गावी झाला. वडील सदाशिवराव आणि आई यशोदाबाई. घराणे खोतांचे, परंतु गुरुजींच्या बालपणापर्यंत ते वैभव ओसरले होते. घरात दारिद्र्य होते, कर्जाचा तगादा होता आणि त्यातही आईचे निर्मळ संस्कार होते. पालगड, दापोली, औंध आणि पुणे अशी त्यांच्या शिक्षणाची वाटचाल झाली. ती सुखाची नव्हती. अर्धपोटी राहून, कोणाच्या तरी आश्रयाने त्यांनी शिक्षण पुरे केले. १९१७ साली आई गेली. तो वियोग त्यांच्या सगळ्या लेखनाचा मूळ झरा ठरला.

अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात त्यांनी काही काळ अध्ययन केले आणि १९२४ मध्ये तेथीलच हायस्कुलात ते शिक्षक झाले. छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. मुलांचे कपडे धुण्यापासून आजाऱ्याच्या शुश्रूषेपर्यंत सर्व कामे त्यांनी केली. गुरुजी हे संबोधन त्यांना येथेच चिकटले. अमळनेर हे बोरी नदीकाठचे गाव सखाराम महाराजांच्या परंपरेमुळे प्रतिपंढरपूर म्हणून ओळखले जाते. कोकणातील मुलाने खानदेशात घालवलेल्या या वर्षांत वारकरी जीवन त्यांना जवळून पाहावयास मिळाले.

५.२.२ तुरुंग आणि लेखन

१९३० च्या सविनय कायदेभंगाच्या चळवळीत गुरुजींनी नोकरी सोडली. त्यानंतरच्या दीड दशकात त्यांना वारंवार कारावास घडला. धुळ्याच्या तुरुंगातून त्यांची रवानगी त्रिचनापल्लीला झाली. दक्षिणेतील भाषांशी आणि अन्य प्रांतांतील सत्याग्रहींशी तेथे त्यांचा परिचय झाला. तमिळमधील 'कुरल' या ग्रंथाचा त्यांनी पुढे मराठी अनुवाद केला. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे दर रविवारी गीतेवर प्रवचने देत. ती लिहून घेण्याचे काम गुरुजींनी केले. 'गीता प्रवचने' हा ग्रंथ आज आपल्या हाती आहे तो त्यांच्या लेखणीमुळे. दुसऱ्याच्या मुखातून आलेला शब्द प्रामाणिकपणे टिपून ठेवणे ही त्यांची वृत्ती येथे दिसते. ओव्यांच्या संग्राहकालाही हीच वृत्ती आवश्यक असते.

१९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या काही दिवसांत त्यांनी 'श्यामची आई' लिहिली. या पुस्तकातील एक प्रसंग आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. डोक्यावरची मोळी खाली पडलेली एक वृद्ध महार स्त्री रस्त्यात अडून बसलेली असते. तिला मोळी उचलून देण्यास आई श्यामला पाठवते. मात्र त्यानंतर घरी येऊन स्नान करण्याची लोकरूढीला धरून असलेली सूचनाही देते. त्या काळाच्या मानाने ही करुणा मोठी होती. तरी ती एका घरापुरती होती आणि विटाळाच्या कल्पनेला वळसा घालून जाणारी होती. मोळीला लागलेला हात आणि त्यानंतरचे स्नान यांच्यामध्ये जे अंतर उरते, ते मिटवण्यासाठी खासगी दया अपुरी पडते. तेथे सार्वजनिक हक्क मान्य व्हावा लागतो. गुरुजींचे पुढील आयुष्य दयेकडून हक्काकडे झालेल्या या प्रवासाचे आहे.

याच काळात त्यांची गीतरचनाही चालू होती. 'पत्री' या संग्रहातील देशभक्तिपर कवितांचा प्रभाव इतका वाढला की ब्रिटिश सरकारला त्या जप्त कराव्या लागल्या. डिसेंबर १९३६ मध्ये खानदेशातील फैजपूर येथे काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले. त्यासाठी गुरुजींनी गावोगाव हिंडून लोकांना तयार केले. पुढे अमळनेरहून त्यांनी 'काँग्रेस' नावाचे साप्ताहिक चालवले, गिरणी कामगारांच्या आणि शेतकऱ्यांच्या लढ्यांत भाग घेतला. शेतकऱ्यांसाठी त्यांनी लिहिलेली गाणी मोर्चात चालता चालता म्हणता येतील अशी होती. त्यांतील शब्द बोलीच्या जवळचे, चरण आखूड आणि ध्रुवपद सर्वांनी मिळून उचलावे असे. ज्याला अक्षर वाचता येत नाही, त्यालाही ते गाणे एकदा ऐकून पाठ व्हावे, ही दृष्टी त्यांनी लोकगीताकडूनच घेतली होती, असे म्हणता येईल.

५.२.३ 'स्त्री जीवन' : ओव्यांचा संग्राहक

१९४० च्या सुमारास साने गुरुजींचा 'स्त्री जीवन' हा ग्रंथ दोन भागांत प्रसिद्ध झाला. स्त्रियांच्या मुखातील ओव्या गोळा करून त्यांनी त्या विषयवार मांडल्या आणि त्यांना आपल्या गद्य विवेचनाची जोड दिली. आई आणि बाळ, भाऊ आणि बहीण, सासर आणि माहेर, देव आणि धर्म अशा जीवनाच्या सर्व अंगांना या ओव्या स्पर्श करतात. मराठी लोकसाहित्याच्या संकलनाच्या इतिहासात या ग्रंथाचे स्थान महत्त्वाचे आहे. राजकीय चळवळीत बुडालेल्या कार्यकर्त्याने पहाटेच्या जात्यावरील गाण्यांसाठी वेळ काढावा, हे काहींना विसंगत वाटेल. वस्तुतः जनतेचे राज्य हवे असेल तर जनता काय गाते हे ऐकले पाहिजे, इतका साधा विचार त्यामागे दिसतो.

ओवीचे भाषिक स्वरूप येथे थोडक्यात लक्षात घेऊ. ग्रंथांतील ओवी आणि जात्यावरची ओवी यांत फरक आहे. जात्यावरच्या ओवीत अक्षरांच्या मोजणीपेक्षा लयीला महत्त्व असते आणि ती लय दगडाच्या फेऱ्यातून येते. दळणारी स्त्री कधी एकटी असते, कधी समोर जाऊ किंवा नणंद खुंट्याला हात लावून बसलेली असते. पुरुष झोपलेले असतात. दिवसभर जे बोलता येत नाही ते या वेळी गाता येते. गाणाऱ्या स्त्रीला ओवीचा पहिला भाग परंपरेने मिळतो, दुसऱ्या भागात ती आपले काही घालते. म्हणूनच ओवी एकाच वेळी सर्वांची आणि एकटीचीही असते.

आता विठ्ठलविषयक ओव्यांतील भाषा पाहा. तीन विशेष सहज लक्षात येतात.

(१) संबोधन : विठ्ठलाला एकेरीत हाक मारली जाते. घरातील वडीलधाऱ्या पुरुषासमोर जी स्त्री मान वर करीत नाही, ती देवाला मात्र निःसंकोच अरेतुरे करते, रागावते, जाब विचारते.

(२) नातेवाचक शब्द : विठ्ठल हा कधी बाप, कधी भाऊ असतो. पंढरपूर हे माहेर ठरते. हे रूपक नीट समजून घेतले पाहिजे. माहेरी जाण्यासाठी लेकीला कोणाच्या उपकाराची गरज नसते. माहेरच्या दारावर तिचा जन्मसिद्ध हक्क असतो.

(३) लिंगबदल : विठ्ठल हे पुल्लिंगी नाम विठाई, माउली अशी स्त्रीलिंगी रूपे सहजतेने धारण करते. देव आई झाला की लेकरांत उजवे-डावे करण्याचा अधिकार त्याला उरत नाही.

या तीनही विशेषांचा एकत्रित अर्थ असा की, ओवीच्या व्याकरणातच समतेचा दावा दडलेला आहे. तो घोषणेच्या स्वरूपात येत नाही. गाणाऱ्या स्त्रीला आपण काही राजकीय बोलत आहोत असे बहुधा वाटतही नसेल. परंतु ज्या घरात देवाला आई म्हटले जाते आणि ज्या गावात त्याच आईच्या दारातून काही लेकरांना हाकलले जाते, तेथे हे गाणे आपोआपच प्रश्न बनते.

आपली प्रगती तपासा – १
(अ) 'स्त्री जीवन' या ग्रंथाचे स्वरूप तीन-चार वाक्यांत सांगा.
(आ) पंढरपूरला माहेर म्हणण्यातून कोणता हक्क सूचित होतो?

५.२.४ पंढरपूर : गाण्यात सर्वांचे, व्यवहारात काहींचे

भीमेच्या, म्हणजेच चंद्रभागेच्या काठी वसलेले पंढरपूर हे सोलापूर जिल्ह्यातील क्षेत्र महाराष्ट्राच्या भक्तिपरंपरेचे केंद्र आहे. आषाढी-कार्तिकीच्या वारीत सर्व जातींचे लोक दिंडीत चालतात, एकमेकांच्या पाया पडतात, वाळवंटात एकत्र नाचतात. परंतु वाळवंट ओलांडून महाद्वारापाशी आले की ही समता थांबत असे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या वारकऱ्याला मंदिरात प्रवेश नव्हता. त्याचे दर्शन बाहेरूनच आणि कळसाचेच.

या विसंगतीची सर्वांत जुनी साक्ष महाद्वारासमोरच आहे. नामदेवांच्या पायरीजवळ संत चोखामेळा यांची समाधी आहे. परंपरेनुसार जवळच्या मंगळवेढे येथे १३३८ साली गावकुसाचे बांधकाम कोसळून त्यांचा मृत्यू झाला आणि नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरी आणल्या. चोखामेळा, त्यांची पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका आणि पुत्र कर्ममेळा या सर्वांनी अभंगरचना केली. त्यांच्या अभंगांत भक्ती आहे, तसेच गाऱ्हाणेही आहे. विटाळ कोणाचा आणि शुद्ध कोण, असा मूलगामी प्रश्न ते विचारतात. कर्ममेळ्याचा स्वर तर वडिलांपेक्षाही धारदार आहे. हे सर्व अभंग कीर्तनांत गाइले गेले, ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या. चोखोबांच्या समाधीला फुले वाहिली गेली आणि त्यांच्या वंशबांधवांना त्याच समाधीपाशी अडवले गेले. सहा शतके हा क्रम चालू राहिला.

येथे आपल्या मूळ प्रश्नाची कठीण बाजू समोर येते. गाणे कितीही खरे असले तरी समाज ते केवळ गोड मानून पचवू शकतो. प्रतिकाराचे गीत पूजेचा भाग झाले की त्यातील प्रतिकार ऐकू येईनासा होतो. त्याला पुन्हा ऐकू येण्याजोगे करावयाचे तर गाण्याबाहेर पडून काही कृती करावी लागते.

५.२.५ दौरा आणि उपोषण (१९४६–४७)

१९४६ च्या अखेरीस देश स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर होता. परकीयांकडून स्वातंत्र्य मागणाऱ्या समाजाने आपल्याच बांधवांना देवाच्या दारातून परत पाठवावे, ही गोष्ट गुरुजींना असह्य झाली. पंढरपूरचे मंदिर सर्वांना खुले व्हावे यासाठी कार्तिकी एकादशीपासून आमरण उपोषण करण्याचा निश्चय त्यांनी जाहीर केला. सेनापती बापट यांनी त्यांना थांबवले. लोकांना विचार समजावून सांगण्यापूर्वी प्राण पणाला लावणे उचित नाही, तेव्हा सहा महिने महाराष्ट्रभर हिंडून जनमत तयार करावे, असा त्यांचा आग्रह होता. गुरुजींनी तो मानला.

त्यानंतरचा दौरा हा महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासातील एक लक्षणीय अध्याय आहे. १९४७ च्या पहिल्या चार महिन्यांत गुरुजी गावोगाव फिरले. १९४१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्र सेवा दलाचे तरुण कार्यकर्ते आणि त्यांचे कलापथक त्यांच्या कार्यात सहभागी झाले. सभेच्या आधी पोवाडे, समूहगीते, अभंग होत. मग भाषण होई. येथे लोकगीताच्या प्रकारांचा राजकीय उपयोग कसा झाला याकडे लक्ष द्या. पोवाडा मुळात वीरांच्या पराक्रमाचा. तो आता समतेच्या लढ्यासाठी गाइला गेला. अभंग मुळात भजनाचा. तो आता भर चौकात प्रश्न म्हणून उभा राहिला. चाली ओळखीच्या असल्यामुळे श्रोत्यांना त्या परक्या वाटल्या नाहीत आणि अर्थ नवा असल्यामुळे त्यांना स्वस्थ बसता आले नाही. अनेक गावांत मंदिरे आणि पाणवठे या दौऱ्यात खुले झाले.

अशा प्रकारे भक्तिगीताला हक्काच्या गीताचे रूप येण्याची प्रक्रिया केवळ आपल्याकडेच घडली असे नाही. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी गुलामगिरीच्या काळात रचलेली भक्तिगीते आणि चर्चमधील गाणी १९५० आणि १९६० च्या दशकांतील नागरी हक्कांच्या चळवळीत मोर्चांची गाणी झाली. दोन्ही ठिकाणी शस्त्र न उचलणाऱ्या माणसांना गाण्याने धीर दिला.

विरोधही मोठा होता. मंदिराचे वंशपरंपरागत अधिकार बडवे आणि उत्पात घराण्यांकडे होते. सनातनी मंडळींनी सभा घेतल्या, निषेध केला, गुरुजींवर जहरी टीका केली. पंढरपुरात उपोषणासाठी जागा मिळणेही सोपे नव्हते. अखेर तनपुरे महाराजांनी आपल्या मठात त्यांना आश्रय दिला. एका वारकरी मठानेच मंदिरप्रवेशाच्या सत्याग्रहाला छप्पर द्यावे, ही बाब अर्थपूर्ण आहे. हा लढा वारकरी परंपरेच्या बाहेरून आलेला नव्हता. परंपरेने आपल्याच शब्दाला जागावे, एवढेच त्याचे म्हणणे होते.

१ मे १९४७ रोजी उपोषण सुरू झाले. गांधीजींनी तार पाठवून ते सोडण्याविषयी सुचवले. ज्यांना आयुष्यभर गुरुस्थानी मानले त्यांचाच सल्ला मान्य न करण्याची वेळ गुरुजींवर आली. ती वेदना सोसून ते निश्चयावर ठाम राहिले. दादासाहेब मावळंकर यांनी मध्यस्थी केली. वाटाघाटी होऊन मंदिर खुले करण्यास बडव्यांची संमती मिळाली आणि दहा दिवसांनी उपोषण समाप्त झाले. त्याच वर्षी मुंबई प्रांतात हरिजन मंदिरप्रवेशाचा कायदा झाला. चोखोबांच्या समाधीपाशी थांबलेली वाट पुढे गाभाऱ्यापर्यंत गेली.

५.२.६ अखेरची वर्षे

स्वातंत्र्यानंतरची वर्षे गुरुजींना सुखाची गेली नाहीत. जानेवारी १९४८ मध्ये गांधीजींची हत्या झाली. त्या घटनेने व्यथित होऊन त्यांनी एकवीस दिवसांचे उपोषण केले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी 'साधना' साप्ताहिक सुरू केले. ते आजही चालू आहे. भारतातील विविध भाषा बोलणाऱ्या लोकांनी एकमेकांची भाषा आणि साहित्य जाणून घ्यावे, यासाठी त्यांनी आंतरभारतीची कल्पना मांडली. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात ऐकलेल्या परक्या भाषांचे ऋण त्यात होते. परंतु भोवतालचा द्वेष आणि स्वप्नभंग त्यांच्या अतिसंवेदनशील मनाला पेलवला नाही. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच आपली जीवनयात्रा संपवली. त्या वेळी त्यांचे वय पन्नास वर्षांचे होते.

५.२.७ मूल्यमापन

पंढरपूरच्या लढ्याचे मूल्यमापन करताना दोन बाजू ध्यानात ठेवल्या पाहिजेत.

पहिली बाजू यशाची आहे. शतकानुशतके जे अशक्य मानले गेले ते रक्ताचा थेंब न सांडता घडले. दौऱ्यामुळे प्रश्न एका मंदिरापुरता न राहता गावागावाच्या पाणवठ्यापर्यंत पोहोचला. २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या संविधानाच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. या कलमासाठी महाराष्ट्रातील जनमानसाची मशागत करण्यात अशा लढ्यांचा वाटा होता.

दुसरी बाजू मर्यादेची आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचा आणि १९३० पासून नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह झाला होता. नाशिकच्या अनुभवानंतर बाबासाहेबांची दृष्टी मंदिराकडून शिक्षण, राजकीय सत्ता आणि आत्मसन्मान यांकडे वळली. १९३५ मध्ये येवल्याला त्यांनी हिंदू धर्मत्यागाची घोषणा केली. म्हणजे पंढरपूरचे दार उघडले त्याच्या बारा वर्षे आधीच, ज्यांच्यासाठी ते उघडावयाचे होते त्यांतील अनेकांनी त्या दाराकडे पाठ फिरवली होती. त्यांची गाणीही वेगळी होती. भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्या शाहिरांचे आंबेडकरी जलसे देवाला गाऱ्हाणे घालत नव्हते. ते श्रोत्यांनाच उठून उभे राहण्यास सांगत होते. त्याआधीच्या सत्यशोधक जलशांनीही तमाशाचा ओळखीचा बाज घेऊन भटशाहीवर आणि सावकारीवर प्रहार केले होते.

हा भेद भाषेतही उमटला आहे. गुरुजींच्या पिढीने 'हरिजन' हा शब्द प्रेमाने वापरला. परंतु ज्यांच्यासाठी तो वापरला गेला त्यांना त्यात दयेचा स्पर्श जाणवला आणि पुढे त्यांनी 'दलित' हा शब्द स्वतःसाठी निवडला. नाव कोणी ठेवले, हा प्रश्न दार कोणी उघडले या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा आहे.

मग गुरुजींच्या कृतीचे महत्त्व कोणते? त्यांनी उपोषणाने ज्यांना बोलावले ते मुख्यतः दाराच्या आतले लोक होते. तुम्ही रोज जे गाता त्याचा अर्थ तुम्हाला मान्य आहे काय, हा त्यांचा प्रश्न सवर्ण समाजाला होता. तो प्रश्न त्याच समाजातील कोणीतरी विचारणे आवश्यक होते. बाबासाहेबांचा लढा हक्क मिळवण्याचा होता, गुरुजींचा लढा हक्क नाकारणाऱ्यांच्या मनाशी होता. एकाने दुसऱ्याची जागा घेतली असे मानणे चुकीचे ठरेल.

दार उघडले तरी किल्ल्या पुढे बराच काळ त्याच हाती राहिल्या. १९७३ च्या पंढरपूर मंदिरे कायद्याने बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत अधिकार संपुष्टात आणले. त्याविरुद्धचा न्यायालयीन वाद २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने संपला. म्हणजे प्रवेशापासून व्यवस्थापनापर्यंतचे अंतर कापण्यास सदुसष्ट वर्षे लागली.

गाण्याची गोष्ट मात्र थांबली नाही. हेमा राईरकर आणि गी पॉयत्वाँ यांच्या पुढाकाराने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्राच्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. त्यांत विठ्ठलावरील ओव्या आहेत, तशाच बाबासाहेबांवरील ओव्याही मोठ्या संख्येने आहेत. जात्यावर बसलेल्या स्त्रीने बाबासाहेबांनाही भाऊ आणि बाप म्हटले, त्यांच्याशीही नात्याच्या भाषेत संवाद केला. विठ्ठलासाठी घडलेले ओवीचे व्याकरण तिने नव्या आशेसाठी वापरले. साने गुरुजींनी ज्या गाण्यातील नात्याच्या शब्दांवर विश्वास ठेवला, त्या शब्दांचे सामर्थ्य यातूनही सिद्ध होते.

आपली प्रगती तपासा – २
(अ) सेनापती बापट यांच्या सूचनेमुळे लढ्याचे स्वरूप कसे बदलले?
(आ) आंबेडकरी जलसे आणि विठ्ठलविषयक ओव्या यांच्या स्वरांतील फरक सांगा.

५.३ सारांश

पालगडला जन्मलेल्या साने गुरुजींनी शिक्षक, सत्याग्रही, लेखक आणि लोकगीतांचे संग्राहक अशा अनेक भूमिका पार पाडल्या. 'स्त्री जीवन'मध्ये त्यांनी स्त्रियांच्या ओव्या जतन केल्या. या ओव्यांतील एकेरी संबोधन, नात्याचे शब्द आणि विठाईचे रूप यांत समतेचा दावा अंतर्भूत आहे. चोखामेळ्यांच्या कुटुंबाच्या अभंगांतही तो स्पष्टपणे आढळतो. समाजाने ही गाणी गाइली, पण त्यांचा अर्थ आचरला नाही. १९४६–४७ चा दौरा आणि १ मे १९४७ पासूनचे उपोषण यांनी हा अर्थ आचरणात आणण्याची मागणी केली आणि पंढरपूरचे मंदिर सर्वांसाठी खुले झाले. या यशाला मर्यादा होत्या. दलित समाजाने आपल्या मुक्तीचा मार्ग आणि आपली गाणी स्वतंत्रपणे निर्माण केली होती. लोकगीत एकटे दार उघडत नाही. परंतु दार का उघडले पाहिजे हे ते कृतीच्या कितीतरी आधी सांगून ठेवते आणि ऐकणारा मिळेपर्यंत ते सांगणे जिवंत ठेवते.

५.४ पारिभाषिक शब्द व शब्दार्थ

ओवी : मराठीतील प्राचीन छंद, लोकपरंपरेत दळणकांडणाच्या वेळी स्त्रिया गातात ते गीत.
कलापथक : गाणी, पोवाडे, नाट्य यांद्वारे विचारप्रसार करणारा कलावंतांचा गट.
जलसा : तमाशाच्या बाजाचा आधार घेऊन केलेला प्रबोधनपर लोकनाट्यप्रकार.
बडवे, उत्पात : पंढरपूरच्या मंदिरातील पूजेचे व उत्पन्नाचे वंशपरंपरागत अधिकार असलेली घराणी.
पाणवठा : गावाची पाणी भरण्याची जागा.
वाळवंट : येथे, चंद्रभागेच्या पात्रातील वाळूचे मैदान.

५.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

(१) 'श्यामची आई'मधील मोळीचा प्रसंग आणि पंढरपूरचे उपोषण यांच्या आधारे दया आणि हक्क यांतील फरक स्पष्ट करा.
(२) विठ्ठलविषयक ओव्यांच्या भाषेची तीन वैशिष्ट्ये सांगून त्यांचा सामाजिक अर्थ विशद करा.
(३) पंढरपूर मंदिरप्रवेश लढ्याचे यश आणि मर्यादा यांची चर्चा करा.
(४) क्षेत्रीय कार्य : तुमच्या घरातील किंवा परिसरातील वयस्क स्त्रियांकडून पाच ओव्या मिळवा. ओवी कोणी, कोणत्या गावी आणि कोणत्या कामाच्या वेळी ऐकली याची नोंद करा. त्यांतील संबोधने आणि नातेवाचक शब्द वेगळे काढून त्यांवर एक पानाचे टिपण लिहा. ओवी सांगणाऱ्या स्त्रीचा उच्चार जसा आहे तसाच लिहून घ्या. प्रमाणभाषेत दुरुस्ती करू नका.